पिवळ्या माशाचं व्हेंडर ऑडिट

(चिंचवडमधलं शोभेच्या माशांचं दुकान. गुरुवार, म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. त्यामुळे साहेब मोकळे. सोबत सौभाग्यवती. माहेर रत्नागिरीचं असल्यानं त्या काचेतल्या माशांकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघताहेत.)

साहेब : तो पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, चौकोनी. तो पॅक करा.

दुकानदार : बॉक्सफिश. खाऱ्या पाण्याचा टँक आहे घरी?

साहेब : तोही आजच घेतो. हा दोन फुटी बरा आहे, टीव्हीशेजारी बसेल.

दुकानदार : मासा देता येणार नाही.

साहेब : का? विकला गेलाय?

दुकानदार : नाही. तुम्हाला द्यायचा नाहीये.

सौ. : (खुलून) दुकान चांगलं दिसतंय हो.

साहेब : अहो, मी चाकणला क्वालिटीत आहे. आमच्या गेटवर माल घ्या म्हणून सप्लायर ताटकळतात, आणि तुम्ही...

दुकानदार : नव्या सप्लायरला पहिली ऑर्डर देण्याआधी काय करता?

साहेब : ऑडिट.

दुकानदार : मग बसा. आज तुमचं. (वही उघडतो.) मुद्दा पहिला, जागा. आत्ता हा लिंबाएवढा आहे. पण समुद्रात ही जात 45 सेंटीमीटरपर्यंत जाते. तुमच्याकडे थोडा कमी वाढला तरी दोन फुटांत त्याला वळताही येणार नाही. निदान 600 लिटर पाणी धरा.

साहेब : आमचा सातवा मजला आहे!

सौ. : म्हणजे हॉलमध्ये सहाशे किलो?

दुकानदार : सहाशे पंधरा. खारं पाणी जड असतं. काच, स्टँड, वाळू वेगळी.

सौ. : आमचे चेअरमन गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीवर नोटीस काढतात.

साहेब : ते मी बघून घेईन. मोठा झाल्यावरही असाच पिवळाधमक दिसेल ना?

दुकानदार : नाही. वय वाढलं की रंग उतरतो. निळसर, मळकट होतो.

सौ. : (साहेबांना न्याहाळत) त्याचं काही नाही. सवय आहे.

दुकानदार : मुद्दा दुसरा, पाणी. कुठून आणणार?

साहेब : नळाचं. पवनेचं पाणी, चांगलं गोड.

दुकानदार : दिवसाआड येतं, आणि येताना क्लोरीन घेऊन येतं. ते आरओतून काढायचं आणि लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ घालायचं.

साहेब : (क्षणात) 21 किलो!

सौ. : मी वाण्याकडे सांगून ठेवते.

दुकानदार : स्वयंपाकाचं मीठ नको, वहिनी. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सगळं असतं. त्याचं वेगळं मीठ मिळतं. आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली तर वरून मीठ टाकू नका. वाफ पाण्याची होते, मीठ आतच राहतं. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची. टँकचं तापमान पंचवीस-सव्वीसच्या आसपास. एप्रिलमध्ये तुमचा हॉल किती तापतो?

साहेब : पस्तीस-छत्तीस.

दुकानदार : मग चिलर आला.

सौ. : म्हणजे माशाला एसी. आमच्या बेडरूमचा एसी दर इन्क्रीमेंटला पुढच्या इन्क्रीमेंटवर जातो.

साहेब : (घाईनं) ठीक आहे, सगळं घेतो. मासा शनिवारी न्यायला येतो.

दुकानदार : सहा आठवड्यांनी या.

साहेब : सहा आठवडे? आमच्याकडे जस्ट इन टाइम चालतं!

दुकानदार : माशाच्या घाणीतून अमोनिया सुटतो. तो पचवणारे जीवाणू आधी टँकमध्ये वसावे लागतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही वसाहत उभी राहायला महिना-दीड महिना लागतो. घाई असेल तर जीवाणूंना मेल टाकून बघा, वरिष्ठांना सीसी ठेवून.

सौ. : आणि तो खातो काय?

साहेब : दाणे! ऑटोमॅटिक फीडर लावीन. फर्स्ट शिफ्टला चार दाणे, सेकंडला चार.

दुकानदार : (वहीत मोठी त्रुटी नोंदवत) मेजर एनसी.

साहेब : मेजर? कशाबद्दल?

दुकानदार : नवा आलेला बॉक्सफिश दाण्यांकडे बहुधा ढुंकूनही बघत नाही. तोंड बारीक, खाणं निवांत. समुद्रात हा तळाच्या वाळूवर तोंडानं पाण्याची पिचकारी मारतो, वाळू उडवतो आणि खालचे किडे, शिंपली टिपतो. त्याला दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं आणि समोर बसून घालावं लागतं. कोळंबी, माकूळ, तिसऱ्या. बारीक चिरून.

सौ. : तिसऱ्या उकडून की कच्च्या?

दुकानदार : कच्च्या. फ्रीजरमध्ये ठेवायच्या, लागतील तेवढ्याच काढायच्या.

सौ. : हळद-मीठ?

दुकानदार : काही नाही.

सौ. : बिचारा.

साहेब : अहो, आईच्या गळ्यात माळ आहे! दर महिन्याला आळंदीची वारी असते तिची. आमच्या फ्रीजमध्ये कोळंबी? आणि श्रावणात काय करायचं?

दुकानदार : त्याला हिरवंही लागतं. जपानी लोक सुशी गुंडाळतात ना, तो समुद्री शेवाळाचा कागद. बिनमसाल्याचा आणून क्लिपनं काचेला अडकवायचा. एकादशी त्याच्यावर निघेल. अख्खा श्रावण नाही निघणार.

सौ. : एक छोटा फ्रीज वेगळा घेऊ. सासूबाईंची माळ सांभाळली जाईल आणि चतकोर पापलेटही मावेल.

साहेब : चतकोर पापलेट कुणाला?

सौ. : ते नंतर ठरवू. त्याचं उष्टं राहिलं तर?

दुकानदार : लगेच उचलायचं. सडलं की अमोनिया वाढला. आणि टँकमध्ये कुणी चपळ, हावरा सोबती ठेवायचा नाही. तो सगळं ओरपतो, हा उपाशी राहतो.

साहेब : पण मला ते निळे ट्रिगरफिश फार आवडलेत. समजा, ठेवले सोबत. जास्तीत जास्त काय होईल?

दुकानदार : तुमच्याच पद्धतीनं जाऊ. व्हाय-व्हाय करा.

साहेब : (सरसावून) बरं. टँकमधले सगळे मासे मेले. का?

दुकानदार : पाण्यात विष होतं.

साहेब : का?

दुकानदार : बॉक्सफिशनं सोडलं. घाबरला की त्याच्या कातडीतून ते स्रवतं. समुद्रात वाहून जातं, टँकमध्ये जाणार कुठे? बाकीचे मरतात, तोही मरू शकतो.

साहेब : का घाबरला?

दुकानदार : ट्रिगरफिशनं शेपटी कुरतडली.

साहेब : ट्रिगरफिश का ठेवला?

दुकानदार : (आणखी एक एनसी लिहीत) साहेबांना आवडला.

साहेब : साहेबांना का...

सौ. : हा शेवटचा 'का' मी लग्नापासून विचारतेय.

साहेब : पण एवढं चिलखत असताना विष कशाला? मी वाचलंय, हाडांच्या षटकोनी पट्ट्या एकमेकींत जोडून त्याचं कवच होतं.

दुकानदार : तुमच्या चाकणच्या संग्रामदुर्गाचा तटही भक्कमच होता. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यानं शायिस्तेखानाला जवळपास दोन महिने दाराबाहेर ठेवलं. शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला. नुसत्या तटावर कसं भागेल? बघितलाय ना किल्ला?

साहेब : रोज जातो चाकणला... पण बसच्या खिडकीतून दिसत नाही.

दुकानदार : (लिहीत) मायनर एनसी.

साहेब : (हुकमी पान काढत) हे बघा, हा मासा मला हवाय तो व्यवसायातून. 2005 साली मर्सिडीजनं याच माशावरून बायॉनिक नावाची गाडी केली होती. हवेचा अडथळा फक्त 0.19! चाकणला कारखाना आहे त्यांचा.

दुकानदार : तुम्ही तिथे असता?

साहेब : नाही. आमची बस त्या बाजूनं जाते.

दुकानदार : ती गाडी विक्रीला आलीच नाही, नमुन्यावरच थांबली. आणि 2015 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर या माशाचा अभ्यास केला. निष्कर्ष असा की, हा काही पाणी कापत जाणारा मासा नव्हे. त्याचं अंग पाण्याला अडतं, आणि आकार त्याला स्थिरही ठेवत नाही. पण त्यामुळेच तो झटकन वळतो. कपारीकपारींतून जागच्या जागी फिरतो.

साहेब : म्हणजे मर्सिडीजनं चुकीचा गुण उचलला?

दुकानदार : तुम्हीच सांगा. संध्याकाळी सहाला चाकणच्या तळेगाव चौकात कुठली गाडी हवी? वारा कापणारी, की जागच्या जागी वळणारी?

साहेब : (दीर्घ उसासा सोडत) वळणारी.

दुकानदार : सावकाश चालणारा, सावकाश खाणारा, घाबरट मासा आहे हा. त्याला वेगवान माणूस नको, बसून राहणारा हवा. घरी परत किती वाजता पोचता?

साहेब : ट्रॅफिक नसेल तर आठ.

दुकानदार : आणि असेल तर?

सौ. : ते आठ म्हणजेच असेल तर. नसेल तेव्हाचं अजून बघायचंय. मला सांगा, हा माणसं ओळखतो का?

दुकानदार : खाणं घालणारं माणूस बरोबर कळतं त्याला. ते दिसलं की काचेपाशी येतो. वर येऊन पाण्याची चूळही उडवतो.

सौ. : म्हणजे आपण आलो की कुणीतरी मोबाइल सोडून वर बघणार.

साहेब : (पडेल आवाजात) माझ्या ऑडिटमध्ये एकही प्लस पॉइंट नाही?

दुकानदार : आहे ना, एक. देखभालीसाठी गुरुवारी लाइट जाते. पंप बंद पडला की पाण्यातला प्राणवायू उतरत जातो. त्या दिवशी तुम्ही सुट्टीवर, घरी. बॅटरीचा पंप लावायला हक्काचा माणूस.

साहेब : म्हणजे मी पास?

दुकानदार : तुम्ही नाही. वहिनी पास. (पावतीपुस्तक काढतो.) आज टँक आणि मिठाची पावती वहिनींच्या नावानं फाडतो. मासा सहा आठवड्यांनी, पाणी तपासून.

साहेब : आणि मी काय करायचं?

दुकानदार : आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं असतं. साठ लिटर.

सौ. : चार बादल्या काढायच्या, चार भरायच्या. गुरुवारी लाइट नसली तर लिफ्टही नसते, म्हणून सांगतेय, नळाला नसेल तर टँकरचं पाणी बुधवारीच वर आणून ठेवा. आणि दादा, तुमच्या वहीत यांची ती ट्रिगरफिशची एनसी उघडीच ठेवा. बंद मी करीन.