मिस्टर अहो

सकाळी साडेसहाला लिफ्टमध्ये मनापासून हसणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. पुण्यात असा माणूस विमा विकत असतो. बंगळुरूत, मुलाच्या बिल्डिंगमध्ये, तो आठव्या मजल्यावरचा एल्डर निघाला. पांढराशुभ्र हाफ शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पाटी, वय सत्तरीचं आणि दात सगळे स्वतःचे. शेजारी पायघोळ फुलाफुलांच्या झग्यातली बाई. "ही सिस्टर," त्याने ओळख करून दिली. मी म्हटलं, "वा! या वयात भाऊ-बहीण एकत्र राहता, हल्ली दिसत नाही असं." तो म्हणाला, "आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली."

हे अमेरिकेतल्या युटाहून आलेलं मॉर्मन पंथाचं जोडपं. यांच्याकडे मुलं मार्गी लागली की नवरा-बायको स्वतःच्या खर्चाने मिशनवर निघतात. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत, आणि जायचं कुठे ते चर्च ठरवणार. आपल्याकडे नोकरीत बदली टाळायला माणसं साहेबाच्या घरी आंब्याच्या पेट्या पोचवतात. हे निवृत्तीनंतर पदरमोड करून बदली मागून घेतात. मिशनवर असेपर्यंत चारचौघांत तो एल्डर आणि ती सिस्टर. एल्डर म्हणजे वडीलधारा. पण हाताखालच्या, मुरमं अजून न गेलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरांनाही एल्डरच म्हणतात. एकदा लिफ्टमध्ये तीन एल्डर होते आणि तिघांच्या वयांची बेरीज माझ्या आजोबांच्या वयाएवढी भरत होती.

बंगळुरूत यांचं मिशन 1993 पासून आहे. धर्मप्रचाराचं काम पोरांचं. हे दोघं भाडेकरार, गॅस सिलिंडर, डॉक्टर बघायचे. सिस्टर पोरांच्या खोल्यांवर अचानक जाऊन फ्रीज तपासायची. कुठल्या तरी डब्यात तिला तीन आठवड्यांचं सांबार सापडलं होतं. त्याचं वर्णन ती युद्धातून परतलेल्या सैनिकासारखी करायची.

सौ.ने त्यांना चहाला बोलावलं आणि पंचाईत झाली. चहा नाही. कॉफीही नाही. 1833 साली त्यांच्या पंथाच्या संस्थापकाला, जोसेफ स्मिथला, साक्षात्कार झाला की गरम पेयं वर्ज्य. पण गरम कोको चालतो म्हणे. म्हणजे भांडण गरमपणाशी नव्हतं, थेट चहाशी होतं, आणि हे मला जरा वैयक्तिक वाटलं. शेवटी कोकम सरबतावर तह झाला. दोन ग्लास संपवून एल्डरने वही काढली आणि विचारलं, "तुमच्या आजोबांच्या आजोबांचं नाव काय?"

हा त्याचा मूळ आजार. लोक हवापाण्याचं विचारतात, हा खापरपणजोबांचं विचारायचा. वॉचमनला विचारायचा, इस्त्रीवाल्याला विचारायचा. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने वंशावळ सांगायला घेतली ती पाच पिढ्यांवर गेली, नळ तसाच गळत राहिला आणि एल्डरचे डोळे भरून आले.

मी उत्तर देणार, एवढ्यात सौ. आतून म्हणाली, "अहो, जरा गॅस बंद करा." एल्डरने वहीत काहीतरी टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खणखणीत आवाज आला, "गुड मॉर्निंग, मिस्टर अहो!"

समजावून सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे? बायकोला सिस्टर म्हणणाऱ्या माणसाला मी हसलो होतो, त्यामुळे गप्प बसलो. आठवडाभरात वॉचमन मला अहोसाहेब म्हणायला लागला. मग एल्डरने विचारलं, वडिलांना आई काय म्हणायची? म्हटलं, अहो. आजोबांना आजी? अहोच. तो हरखून गेला. युरोपात राजघराण्यांतच एक नाव इतकं टिकतं म्हणाला.

माझे वडील, आजोबा, पणजोबा मला पाठ आहेत. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, त्यामुळे. चौथ्या नावाला मी अडकलो. पण एव्हाना मुलाने मला घाबरवून ठेवलं होतं. हे लोक मेलेल्या पूर्वजांचाही बाप्तिस्मा करतात, त्यांच्या वतीने कुणी जिवंत माणूस पाण्यात बुडी मारतो. मी एल्डरला स्पष्टच विचारलं, "आमच्या पणजोबांना बाटवणार काय?" तो शांतपणे म्हणाला की ज्याने त्याने आपल्याच पूर्वजांचं करायचं, आणि तरीही तो आत्मा नको म्हणू शकतो. मग काळजी नव्हती. पणजोबांनी हयातीत कुणालाच कशालाही हो म्हटलेलं नाही.

ही नावं ठेवतात कुठे, तर सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून केलेल्या तळघरात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा मायक्रोफिल्म यांनी केली आहे. आमच्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे अशाच वह्या आहेत, आणि मी आयुष्यात तीनदा तिथे जाऊन वही न उघडता फक्त दक्षिणेवरून वाद घालून परत आलोय. एल्डरला हे सांगितलं नाही.

सौ.ला त्यांचं एक मात्र पटत नव्हतं. सतरा नातवंडं टाकून परक्या पोरांचे फ्रीज कसले तपासायचे? आम्ही एका नातवासाठी इथे येऊन पडलोय. एल्डरने एकदा मला विचारलंही होतं, "तुमचं मिशन किती महिन्यांचं?" मी म्हटलं, पाळणाघर मिळेपर्यंत. पुढे एका संध्याकाळी सौ. कोकमाची बाटली द्यायला वर गेली. सिस्टर फोनवर अठरावं नातवंड बघत होती, चार दिवसांचं. हातात घ्यायला अजून अकरा महिने होते. सौ. तासाभराने खाली आली. त्यानंतर तिने त्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

आमच्या वंशावळीचा तक्ता भरताना सिस्टर बायकांच्या चौकोनांपाशी थांबली. "आजीचं नाव?" सरस्वती, मी म्हटलं. "ते लग्नानंतरचं. जन्माचं काय?"

ठाऊक नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. ज्या आजीने मला न्हाऊमाखू घातलं, तिला तिची आई काय म्हणून हाक मारायची, हे सांगायला घरात कुणी उरलेलं नाही. श्राद्धातही ती सरस्वतीच.

मग सिस्टर सौ.कडे वळली. "आणि तुमचं?"

सौ. पदराशी चाळा करत म्हणाली, "कुसुम."

मला ते नाव माहीत होतं. पत्रिकेवर वाचलं होतं, एकदाच. वैशाली हे मी ठेवलेलं, फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलावरून, आणि ही गोष्ट तिला अजून सांगितलेली नाही. एक्केचाळीस वर्षांत तिला ते जुनं नाव आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरने ते वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून खात्री केली, "कु-सु-म." सौ.ने उच्चार सुधारून दिला. दोनदा.

गेल्या मार्चमध्ये ते दोघं गेले. जाताना आमच्या टपालपेटीवर स्वतःच्या हाताने पट्टी चिकटवून गेले: मिस्टर अँड मिसेस अहो. आठव्या मजल्यावर आता एक तरुण जोडपं आहे. लिफ्टमध्ये ते मोबाइलमध्ये बघतात. मला ते बरं वाटायला हवं.

तक्ता आमच्या फ्रीजवर आहे. आजीचा चौकोन रिकामा आहे. 1925 च्या सुमारास आडिवऱ्याहून राजापुरात लग्न होऊन आलेल्या आणि सरस्वती झालेल्या मुलीचं मूळ नाव कुणाच्या घरात कुणाला आठवत असेल, तर कृपा करून कळवा. पाकिटावर मिस्टर अहो लिहिलंत तरी चालेल, वॉचमन आणून देतो.