परभणी, टर्मिनल दोन

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. परभणीत त्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि मी कूलरसमोर बनियनवर बसून विमानाचं तिकीट काढत होतो. बेंगळूरुला नातवाचं बारसं होतं. गुडघ्यांचं निमित्त पुढं करून बायकोनं आधीच जाहीर केलं होतं, की या खेपेला विमानच.

मोबाइलवर शोधता शोधता एका साइटवर ते दिसलं. परभणी ते बेंगळूरु, थेट, १४९९ रुपये. खाली बारीक अक्षरात : प्रस्थान – परभणी, टर्मिनल २.

आता परभणीत विमानतळ नाही, हे मला माहीत नाही असं नाही. उभा जन्म इथं गेला. जवळचं विमानतळ म्हणजे नांदेड, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. २७ एप्रिल २०१७ला 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं, त्या योजनेत तेव्हा तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये होते, तेही निम्म्याच जागांना, हे सगळं मला पाठ. पेपरचं कात्रणही कपाटात आहे. तरी 'टर्मिनल २' वाचलं आणि ऊर भरून आला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही कळायला लागल्यापासून म्हणत आलोय. जर्मनीनं अजून दखल घेतलेली नाही, पण कुणीतरी घेतली म्हणायची! टर्मिनल एक कुठं आहे, हा प्रश्नही मला शिवला नाही. कृषी विद्यापीठाकडं जमीन भरपूर आहे, तिकडंच कुठंतरी गुपचूप बांधलं असेल, असा खुलासा मीच मला करून टाकला. माणूस हावेनं फसतो म्हणतात. हावेचं मी समजू शकतो, पण माझ्या बाबतीत तरी गावाचा अभिमान नडला.

त्यात खाली लाल अक्षरं लुकलुकत होती : '१७ जण हे तिकीट पाहत आहेत. फक्त २ जागा शिल्लक.' चव्वेचाळीस अंश तापमानात, सगळं गाव पंख्याखाली आडवं झालेलं असताना, परभणीतून उडायला निघालेले हे सतरा जण कोण? पण मी घाबरलो. मोंढ्यात टरबूज घेताना पाच टरबुजांना टिचक्या मारणारा, वर दहा रुपये कमी करायला लावणारा मी, कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपी एका दमात देऊन बसलो. दोघांचे २९९८ रुपये गेले. तिकीट मेलवर आलं. रंगीत होतं.

तेवढ्यात तात्या आले. माझे थोरले बंधू, मानवतकडं शेती करतात. बियाणं घ्यायला शहरात आले होते. बियाण्याची पिशवी त्यांनी लेकरासारखी हळूच दिवाणावर ठेवली.

"काय करायलास?"

"विमानाचं तिकीट काढलं, तात्या."

"कुठून उडायलंय?"

"परभणीहूनच. टर्मिनल दोन."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारोंनी तक्रारी झाल्या, त्यात एक तात्यांची होती. तेव्हापासून ते कुठल्याही वस्तूकडं बियाण्यासारखंच बघतात. आमच्या थोरलीचं स्थळ आलं तेव्हाही त्यांनी मुलाकडच्यांना 'लॉट कुठला' असं विचारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"पावती?"

"ही काय, मेलवर."

"दुकानदाराचा पत्ता?"

पत्ता नव्हता. साइटचं नाव नीट वाचलं तर एका नावाजलेल्या साइटच्या नावात एक अक्षर जास्तीचं घुसवलेलं. पावशेरात दोन खडे घालावेत तसं.

"लॉट नंबर?"

लॉट नंबर म्हणजे पीएनआर. दहा आकडी होता. उभं आयुष्य रेल्वेनं हिंडलेल्या मला दहा आकडे बघून उलट धीरच आला होता. विमानाचा पीएनआर सहाच अक्षरा-आकड्यांचा असतो, हे मला साठाव्या वर्षी कळायचं होतं.

"उगवण बघितलीस का?"

ज्यांनी शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. आठवडाभरात सत्तर तरी उगवले, तर पेरायचे. तिकिटाचं गोणपाट म्हणजे त्या विमान कंपनीची स्वतःची साइट. तिथं पीएनआर आणि आडनाव टाकायचं. आम्ही टाकलं. 'अशी नोंद आढळली नाही.' शंभरातला एकही दाणा उगवला नव्हता.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी मोबाइलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधला आणि वरचाच पहिला फिरवला. पलीकडचा माणूस फारच गोड बोलत होता. मी आधी विचारलं, टर्मिनल दोन नेमकं कुठं आहे? "सर जी, रेलवे स्टेशन के बाजू में." म्हणजे तोही ओळखून होता, की परभणीत सगळंच स्टेशनच्या बाजूला असतं. रिफंड लगेच देतो म्हणाला. फक्त एक ॲप घ्या, म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल, आणि पैसे जमा व्हायला यूपीआयचा पिन टाका.

फोन स्पीकरवर होता. तात्या म्हणाले, "पैसे आपल्याला यायलेत ना? मग पिन कशाला? मोंढ्यातला व्यापारी पट्टी देताना माझ्या खिशात हात घालतो का?" आणि त्यांनी लाल बटण दाबलं. तात्या सातवी शिकलेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं बँका कधीपासून ओरडून सांगतायत. मला ते मोंढ्याच्या हिशेबात सांगितल्यावर कळलं.

मग बँकेला सांगून कार्ड बंद केलं आणि १९३०ला फोन लावला. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हा नंबर जितक्या लवकर फिरवावा, तितकी पैसे वाटेत अडवायची आशा जास्त. पलीकडच्या बाईंनी व्यवहाराचा नंबर, तारीख, रक्कम विचारून घेतली. तिकीट कुठून कुठं होतं, हेही विचारलं. "परभणी ते बेंगळूरु," मी म्हणालो. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. त्या बहुधा आमच्याच भागातल्या असाव्यात.

सेलूच्या माझ्या एका मित्राची तऱ्हा याहून वरची. त्याला एका एजंटानं दिलेला पीएनआर खरा निघाला, कंपनीच्या साइटवर संध्याकाळी दिसलाही. सकाळी गायब. हे एजंट जागा काही तास नुसती अडवून ठेवतात, पैसे भरतच नाहीत. मुदत संपली की ती आपोआप सुटते. "उगवलं, पण मर लागली," तात्यांनी निदान केलं. तेव्हापासून आमच्याकडं तिकिटाची उगवण दोनदा बघतात, घेतल्यावर एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा.

शेवटी रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमान, असं थेट कंपनीच्या साइटवरून बुक केलं. चांगले तिप्पट पैसे पडले. तीन तिकिटं, तात्यांनाही नेलं. बेंगळूरुला उतरून मुलाच्या घरी पोचल्यावर त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एकेक वस्तू काढली. बोर्डिंग पास, बॅगेला लावलेली चिकटपट्टी, बिल. शेवटी रुमालाची पुरचुंडी सोडली. आत विमानात विकत घेतलेले मूठभर खारे काजू होते.

"हे कशाला ठेवलेत, मामंजी?" सूनबाईनं विचारलं.

"नमुना," तात्या म्हणाले. "परत घरी पोचेस्तोवर काही फेकायचं नाही."