रिजेक्ट

यवतमाळकडे नापसंतीत पूर्वी मजा होती. "हॅट्!" म्हटलं तरी समोरच्याला आणखी चार वाक्यं बोलायची सोय असे. "पाहू ना" म्हणजे पक्का नकार. पण तो ऐकूनही पाहुणा चहा घेऊनच उठे. आता सगळीकडे एकच शब्द : रिजेक्ट.

माझ्या मते तो आमच्याकडे कापसाच्या गाडीतून आला. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, 12 पर्यंत कपात, त्यापुढे रिजेक्ट. ग्रेडर यंत्र कापसात खुपसतो, आकडा पाहतो आणि मान वर न करता निकाल देतो. आमच्या मोठ्या काकांनी एकदा विचारलं, "काहून बाप्पा?"

"मॉइश्चर 14 दाखवते."

"दिवाळीलोक पाऊस होता ना! मंग का कापसाले छत्री धरू?"

यंत्रात या प्रश्नाचं बटण नव्हतं. जुना व्यापारी म्हणायचा, "पाटील, माल जरा कवडी दिसते, शंभर कमी घ्या." लूट तीही होतीच, पण बोलत बोलत, पानसुपारी देऊन. आता रिजेक्ट झालेली गाडी खाजगीत जाते. तिथे तोच कापूस एकदम पसंत पडतो, भाव तेवढा नापसंत असतो.

शब्द बाजारातून घरात शिरला. मुलीकडचे पूर्वी सगळं पत्रिकेवर ढकलत, त्यामुळे पोराची अब्रू राही. आता थेट "पोरीनं रिजेक्ट केलं". कारण? शेती. म्हणजे इथंही मॉइश्चरच. काकूच्या भरल्या वांग्यांनाही पाच वर्षांच्या नातवानं मागे एकदा तोच शेरा दिला. काकू महिनाभर आग लागलेल्या जिनिंगसारख्या धुमसल्या.

साहित्यही यातून सुटलं नाही. 2019च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल इंग्रजीत लिहितात, अशी हरकत निघाली आणि त्यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. 'रिजेक्ट' हा इंग्रजी शब्द मात्र बिननिमंत्रणाचा येऊन ठाण मांडून बसला, त्याच्याविरुद्ध निवेदन घेऊन कोणी गेलं नाही. (गेलं असतं, तर निवेदनाचं काय झालं असतं हे सांगायला नको.)

तेव्हा मंडळी, कापूस दव सुकल्यावर वेचा, दोन उन्हं द्या, मगच गाडी भरा. आणि पोराचं स्थळ सांगायला जाल, तेव्हा शेतीचा विषय जेवणं झाल्यावर काढा.