सही कुणाची?

ऑडिटरकाकांचं खरं नाव आमच्या सोसायटीत फक्त लाइटबिलावर उरलं आहे. सहकार खात्यात पतसंस्थांची दप्तरं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी सोसायटीचे हिशेब तपासायला घेतले. सेक्रेटरीने राजीनामा दिला. मग मुलाने त्यांना स्वतःचा जुना लॅपटॉप दिला आणि सोसायटीला नवा सेक्रेटरी मिळाला.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, हे काकांना कुणी सांगितलं ते अजून उघडकीला आलेलं नाही. तेव्हापासून सकाळचा चहा झाला की काका दोनशेपानी रजिस्टर उघडतात. नाव, ठिकाण, कुणाच्या सांगण्यावरून चालू आणि शेरा, असे चार रकाने. लॅपटॉपमध्ये पडद्यामागे जे जे चालू असेल त्याची नोंद होते. बहुतेकांपुढे लाल पेन्सिलीने एकच शेरा असतो : ‘खुलासा मागवावा.’ हा खुलासा द्यायला मला बोलावलं जातं, कारण मी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि समोरच राहतो.

पहिला आक्षेप एसव्हीसीहोस्टवर. “अरे, एकाच नावाचे पन्नासच्या वर इसम! मस्टरवर हे दिसलं असतं तर मी चौकशी लावली असती.”

मी सांगितलं, की विंडोजची बरीच कामं अशा फायलींमध्ये असतात ज्यांना स्वतःच्या पायावर चालता येत नाही. त्यांना चालवणारा हा यजमान. पूर्वी एकच यजमान बरीच कामं सांभाळायचा. २०१७ च्या विंडोज १० पासून साडेतीन जीबीहून जास्त मेमरी असेल तर बहुतेक कामांना स्वतंत्र यजमान मिळतो, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे तगतात.

“म्हणजे चाळ पाडून प्रत्येकाला ब्लॉक दिला,” काका म्हणाले. “मंजुरी कुणाची?”

दुसऱ्या दिवशी सिस्टिम आयडल प्रोसेस सापडला. “सत्त्याण्णव टक्के! सगळा प्रोसेसर हा एकटा खातोय!” तो काही खात नाही, प्रोसेसर जितका वेळ रिकामा बसलाय त्याचा तो आकडा आहे, हे मात्र काकांना पहिल्या फटक्यात पटलं. काहीच न करणाऱ्याचं नाव यादीत सर्वात वर, ही पद्धत त्यांच्या ओळखीची होती.

काकांचा संशय नुसता रजिस्टरात राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. पण ‘एंड टास्क’ हे बटण हाताशी असतं. सीटीएफमॉन हे नाव त्यांना परदेशी गुप्तहेराचं वाटलं आणि त्यांनी त्याला तडकाफडकी कमी केलं. तो बिचारा कीबोर्ड आणि भाषांची सोय पाहणारा. पुढचा अर्धा तास काकू स्टार्टच्या शोधपट्टीत ‘कॅल्क्युलेटर’ टाइप करत होत्या आणि एक अक्षर उमटत नव्हतं. मशीन बंद करून चालू केल्यावर सीटीएफमॉन पुन्हा रुजू झाला. रजिस्टरात नोंद : ‘निलंबन रद्द.’

ही खोड जुनी आहे. २००२ मध्ये जगभर एक ईमेल फिरला होता : तुमच्या मशीनमध्ये टेडी बेअरचं चित्र असलेली, जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल असेल तर तो व्हायरस आहे, ताबडतोब काढा. फाइल विंडोजचीच होती, जावाच्या डीबगिंगसाठी दिलेली. काकांनी तेव्हा कचेरीतल्या एकूण एक मशीनवरून अस्वल हुडकून काढलं. आपण खातं वाचवलं असं ते आजही सांगतात. अफवा होती म्हटलं की विचारतात, “मग एवढ्या लोकांकडे ती सापडली कशी?”

शेवटी मी त्यांना रीत शिकवली. नावावर जाऊ नका. भामटाही एसव्हीसीहोस्ट नाव लावतो, फार तर एखादं अक्षर मागेपुढे करतो. नावावर राइट क्लिक करा, ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या. यजमान सिस्टिम३२ फोल्डरमध्ये असेल तर बरं. त्याच नावाचा डाउनलोड्समध्ये निघाला तर गडबड. मग प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर पाहा.

“सही असते?” काकांचा चेहरा असा उजळला की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या. “हे आधी नाही सांगायचं?”

सांगितलं हीच चूक, असं आठवडाभर वाटत राहिलं. विंडोजच्या स्वतःच्याच काही फायलींवर सहीचा टॅब दिसत नाही, कारण त्यांची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये ठेवलेली असते. “व्हाउचर इथे आणि सही दुसऱ्या रजिस्टरला? हा जुना धंदा आहे!” त्यातच २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामवर रिअलटेक कंपनीच्या चोरलेल्या सर्टिफिकेटने सही केलेली होती, हे मी बोलून गेलो. सही अस्सल, फक्त करणारा दुसराच. काकांनी डोळे मिटून मान डोलावली.

व्हायरसटोटलवर साठ-सत्तर अँटिव्हायरस एकाच फाइलबद्दल मत देतात, हे कळल्यावर तर त्यांना सर्वसाधारण सभाच भरल्यासारखं झालं. एका प्रिंटरच्या फाइलला सगळ्यांनी निर्दोष ठरवलं, एकाने तेवढं ‘संशयास्पद’ म्हटलं. खोट्या गजराची शक्यता मी सांगून पाहिली. “विरोधात एकच सभासद आहे ना? मग त्यालाच काहीतरी माहीत आहे.” पाठोपाठ ते सोसायटीचा ताळेबंदही तिथे चढवायला निघाले होते. तिथे टाकलेली फाइल इतरांच्याही हाती पडू शकते, म्हणून मी माउस काढून घेतला.

मागच्या रविवारी रजिस्टर चाळताना एक नाव कुठेच दिसेना. लॅपटॉप मात्र त्याच्यामुळेच धापा टाकत होता : ‘वेग दुप्पट करा’ म्हणणारा फुकटचा क्लीनर. सही नाही, पत्ता अ‍ॅपडेटाच्या आतल्या फोल्डरमधला, आणि दर दहा मिनिटांनी ‘तुमच्या मशीनमध्ये ९४२ दोष’ अशी पाटी.

“काका, याची नोंद नाही?”

“त्याची कशाला? तो आपला आहे. मीच आणला.”

“पण सही?”

काकांनी चष्मा पुसला, टॅब शोधला, पुन्हा चष्मा पुसला. “काढ,” ते म्हणाले.

मी अनइन्स्टॉल दाबलं. जाता जाता क्लीनरने एक चौकट पुढे केली : आपण आम्हाला का काढत आहात, कृपया कारण लिहा. मला ती बंद करायची होती, पण काकांनी खुर्ची पुढे ओढली होती. संध्याकाळी दूध घेऊन परतताना डोकावलो तर क्लीनर अजून मशीनमध्येच होता आणि काका आक्षेप क्रमांक ९ टाइप करत होते.