तीन सूर्यांची तूट

शंभर वॅट एवढ्या बेताच्या शक्तीवर चालणाऱ्या आणि दहा-पंधरा किलोमीटरांच्या शिवारापलीकडे ज्याचा शब्द पोहोचत नाही अशा आमच्या मराठवाड्यातील सामुदायिक नभोवाणी केंद्राने दर गुरुवारी सायंकाळी, डेअरीवर दूध घालून माणसे घरी परतण्याच्या सुमारास, विज्ञानातील नव्या शोधांची रंजक ओळख करून देणारा कार्यक्रम सुरू करावा, असा ठराव जेव्हा एकमताने संमत झाला, तेव्हा त्याचे जोखड माझ्या मानेवर येणे अपरिहार्यच होते. कारण सेवानिवृत्त मास्तर हा आमच्या गावी सार्वजनिक मालमत्तेत जमा धरला जातो. पहिली हरकत कायद्याची निघाली. सामुदायिक केंद्रांनी स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करू नयेत असा केंद्र सरकारचा दंडक आहे, आणि आमचे व्यवस्थापक सरकारी कागद उभे राहून वाचणारे. मी दोन कृष्णविवरांच्या टकरीचा विषय काढताच त्यांनी चष्मा पुसून विचारले, "मास्तर, ही बातमी तर नव्हे?" मी त्यांस निवेदन केले की, सदर टक्कर सुमारे एकशे तीस कोटी वर्षांपूर्वी झालेली असून इतके मुदतबाह्य प्रकरण कोणत्याही दप्तरी चालू घडामोडींत दाखल होऊ शकणार नाही. त्यांचे समाधान झाले व त्यांनी तसा शेरा मारून घेतला.

विषय निवडण्यास कारणही तसेच होते. गुरुत्वीय लहरींची चाहूल घेणारी 'लायगो' नावाची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथनजीक उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलात सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले होते, आणि ज्या गावी आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास जातात, तेथे एवढी रक्कम नेमकी कशावर खर्ची पडणार, हा प्रश्न पारावर निघू लागला होता.

रंजकतेविषयी मात्र आमच्यात तीव्र मतभेद झाले. आमच्या तरुण निवेदिकेने दोन कृष्णविवरांना नवरा-बायको कल्पून त्यांच्यात कडाक्याचे भांडण लावले होते. ध्वनिमुद्रण पाहणाऱ्या मुलाला मध्ये मध्ये ढोलकी हवी होती. आणि व्यवस्थापकांचा आग्रह असा की, एक वैज्ञानिक काका असावेत व त्यांना एका चौकस पुतण्याने प्रश्न विचारावेत. हा काका मी बालपणापासून ऐकत आलो आहे. त्याचा पुतण्या जे प्रश्न विचारतो ते या भूतलावरील कोणत्याही पुतण्याने आजवर विचारलेले नाहीत, आणि उत्तर मिळताच तो "अरे वा, काका!" असे जे उद्गारतो, त्यावरून तो काकांकडून खाऊच्या लाचेवर फितवला गेला असावा असा माझा दाट संशय आहे. मी काका नाकारला, ढोलकी नाकारली, आणि प्रत्यक्ष पुरावाच लावायचे ठरवले.

हा पुरावा म्हणजे १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या यंत्रांनी टिपलेली, त्याच टकरीतून उठलेली गुरुत्वीय लहर. ती स्वतः ध्वनी नव्हे. परंतु तिची कंपने सेकंदाला पस्तीसपासून अडीचशेपर्यंत चढत गेली, म्हणजे मानवी कानाच्या पट्टीतच पडली, म्हणून तिचे ध्वनीत रूपांतर करून ती ऐकवता येते. सारा कारभार सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटोपतो. आम्ही तो आवाज तीनदा वाजवला. पहिला दूरध्वनी आला तो केंद्र बंद पडले काय, हे विचारण्यासाठी.

दुसरा आला बचत गटाच्या खजिनदारबाईंचा. मी ओघात सांगून गेलो होतो की, एक कृष्णविवर सुमारे छत्तीस सूर्यांच्या वजनाचे होते, दुसरे एकोणतीस, आणि दोन्ही मिळून जे एक झाले ते बासष्टांचे.

"मास्तर, छत्तीस न् एकोणतीस पासष्ट होतेत. तीन कुठं गेले?"

इतकी वर्षे मी फळ्यापुढे उभा राहून ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो असा डेअरीच्या वेळेस, पाठीमागे म्हैस ओरडत असता, अवचित आला. मी सांगितले की, तीन सूर्यांइतक्या वस्तुमानाची ऊर्जा झाली आणि ती लहरींच्या रूपाने चहूदिशांना निघून गेली. त्या निमिषात तिचा जोर दृश्य विश्वातील यच्चयावत ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाहून अधिक होता. "म्हणजे वाटखर्च," बाई म्हणाल्या, आणि आइन्स्टाइनच्या समीकरणाचा याहून नेटका उलगडा मला आजतागायत करता आलेला नाही.

परंतु ज्यांना सारा गाव आप्पा म्हणतो ते निवृत्त तलाठी एवढ्यावर ऐकणारे नव्हेत. तीन सूर्यांची अफरातफर आणि तोंडी खुलासा! "पावती आहे का, मास्तर?" मी नोंद वाचून दाखवली: सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरील दोन यंत्रे, प्रत्येकाला चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी असा फरक, आणि तोच फरक दोन्हीकडे, फक्त सात सहस्रांश सेकंदाच्या अंतराने. दोन स्वतंत्र दप्तरे जुळतात म्हटल्यावर आप्पा अंमळ नरमले. मग त्यांनी टकरीच्या जागेची चतुःसीमा विचारली. ती दोन यंत्रांवरून नीटशी ठरत नाही, आकाशाचा मोठा पट्टाच्या पट्टा संशयात राहतो, म्हणून जगात दूरदूर आणखी यंत्रे हवीत आणि त्यांतलेच एक औंढ्याला होणार, असे मी सांगताच ते एकदम खुलले. "असं सांगा की! मोजणीचा खुंटा आहे तो. दोन खुंट्यांवर हद्द कायम होत नसते, हे मी तहसीलदारांना किती वेळा सांगितलं." त्यानंतरची सात मिनिटे आप्पांनी बांधाच्या एका जुन्या तंट्याची साद्यंत हकिकत सांगितली आणि मी ती थांबवली नाही, कारण औंढ्याच्या २,६०० कोटींचे समर्थन याहून चांगले मला साधले नसते.

पुढल्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत वीस रुपयांची तूट निघाली. वर्गणी गोळा करणारी सून पदराआड हसत म्हणाली, "लहरींत गेले असतील, आत्याबाई."

"मग दोन जागची नोंद दाव," खजिनदारबाई म्हणाल्या, आणि वही तिच्यापुढे सरकवली.