विमानकाकांचा ऑडिट पॅरा

दुसऱ्यानं अर्धवट सोडलेली कादंबरी कोणी विकत घेत नाही, पण दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं लाकडी विमान विकत घेणारे लोक जगभर आहेत. त्यांतले एक नागपूरच्या धरमपेठेत राहतात. गल्ली त्यांना विमानकाका म्हणते. महालेखापाल कार्यालयातून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. काकांनी स्वतःला पिटेनपॉल दिलं.

पिटेनपॉल एअर कँपर हे दोघांनी बसायचं विमान. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड आणि पुढे फोर्ड मोटारीचं इंजिन, असला संसार जुळवून मिनेसोटातल्या बर्नार्ड पिटेनपॉल यांनी ते १९२९ साली उडवलं. नकाशे पुढ्यात ठेवून घरी बनवता येतं, अशी त्याची ख्याती. आधीच्या मालकानंही नकाशे पुढ्यात ठेवले होते. धड झालं, शेपटी झाली, पंखांच्या रिब्ज झाल्या, मग मुलं झाली. इंजिनापर्यंत गाडी पोचलीच नाही.

आता आयुष्यभर ऑडिट केलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्यानं केलेलं काम पडलं की काय होतं, ते कल्पनेवर सोडतो. सुतार लाकूड बघतो आणि कामाला लागतो. काका लाकूड बघतात आणि आक्षेप लिहितात. टोचा, भिंग, ओलावा मोजायचं यंत्र आणि एक जुना रुपया, एवढी त्यांची हत्यारं. रुपया सांध्यावर वाजवायचा: खणखणीत आवाज आला तर सांधा भरीव, बद्द आला तर आत डिंक सुटलेला. टोचा रुतला तर लाकूड कुजलंय. लाकडाचे रेषे १५ इंचांत एका इंचापेक्षा जास्त तिरपे गेले असतील तर फळी बाद. हे सगळं शास्त्रशुद्ध आहे. तक्रार एवढीच, की ही सवय शेडमध्ये राहिली नाही. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले तिथे चहा येईपर्यंत काकांनी यजमानांचं डायनिंग टेबल वाजवून पाहिलं आणि "सागवान म्हणता, पण आतून पोकळ आहे" असा अभिप्राय दिला. पुढची बोलणी झाली नाहीत.

डिंकाची कसोटी तर ऐकण्यासारखी. त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवायचे, वाळले की तोडायचे. लाकूड फाटलं तर डिंक पास, सांधा सुटला तर नापास. काकांनी इतके तुकडे चिकटवून तोडले की मदतीला येणारा मिस्त्री एकदा वैतागला. "साहेब, जोडासाठी बोलावता अन् तोडून कायले राहिले जी?"

"मिस्त्री, फाटलेलं लाकूड पाहा. केवढं समाधान आहे!"

"आमाले तं जोडलेल्याचे पैसे भेटते."

प्रत्यक्ष विमानावर मात्र डिंक अजून लागलेला नाही, आणि त्याला कारण नागपूरची हवा. काकांचा रिसॉर्सिनॉल डिंक २१ अंशांखाली नीट धरत नाही. इथे डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. मे महिन्यात ४५ अंशांत डिंक भांड्यातच आळतो. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं आणि यंत्राचा काटा १२ टक्क्यांवर थांबायला तयार नसतो. राहिले ऑक्टोबर आणि फेब्रुवारी. ऑक्टोबरात घरची दिवाळीची सफाई, फेब्रुवारीत लोकांची लग्नं. कोणी घाई केली की काका १९४४ साल काढतात. त्या वर्षी आपल्याकडच्या आणि बर्माच्या आघाडीवर ब्रिटिशांच्या लाकडी मॉस्किटो विमानांचे पंख निखळले, विमानं जमिनीवर बसवावी लागली, दोष हवेचा की कारखान्यातल्या जोडणीचा यावर चौकशी झाली. "राणीच्या, सॉरी, राजाच्या हवाई दलाला जी घाई महागात पडली, ती मी करू?"

पाहुणे येतात आणि हमखास तळपदे काढतात: १८९५ साली चौपाटीवर आपल्या माणसानं विमान उडवलंच होतं ना? काका चष्म्यावरून बघतात. "व्हाउचर जोडलंय? नाही? मग खर्च अमान्य." 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचं नाव निघालं तर १९७४ साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं दाखवून दिल्याचं तारखेनिशी ऐकवतात. या बाबतीत मी पूर्णपणे काकांच्या बाजूनं आहे.

अमोल यादवांचं नाव मात्र त्यांना हळवं करतं. मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारा हा वैमानिक, २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात त्याचं विमान सगळ्यांनी पाहिलं, २०१७ साली त्याला नोंदणी मिळाली. "धातूचं आहे, आपल्यासारखं लाकडाचं नाही," एवढी फट काका सोडत नाहीत. पण नोंदणीची व्हीटी-एनएमडी ही अक्षरं, त्यातला 'डी' म्हणजे देवेंद्र (फडणवीस), हे सांगताना छाती फुगते. "म्हणजे बघा, शेपटीवर एक अक्षर नागपूरचंच आहे."

सगळं तपासून झालं तरी पंखावर कापड चढवायला काका राजी नाहीत. कापड चढलं की आतलं लाकूड दिसायचं बंद. मग तपासायचं काय? उघडा पंख २९ फुटांच्या आसपास, म्हणून शेडचा पत्रा वाढवला. उन्हाळ्यात काकूंनी शेडच्या खिडकीशी कूलर लावला, तेव्हा घरात खरी चकमक झाली.

"अहो, माणसं तापून राहिली आहेत!"

"तुझ्या कूलरनं पंखाच्या स्पारचा ओलावा वाढतो."

परवा अमरावतीहून एक तरुण विमान विकत घ्यायला आला. उत्साही होता, पैसे रोख होते, हात सफाईदार होते. काकांनी त्याला आक्षेपांचे तिन्ही रजिस्टर दाखवले. तरी तो डगमगला नाही, तेव्हा काका जरा घाबरले.

"डिंक कधी लावणार?"

"पुढच्याच आठवड्यात, काका."

"ओलावा किती टक्के चालतो?"

"बारा."

उत्तर बरोबर होतं. काकांनी रुपया काढून उगाच खुर्चीचा हात वाजवला, मग विचारलं, "तुमच्याकडे कूलर आहे का हो?"

"आहे ना. दोन आहेत."

"मग नाही जमत," काका म्हणाले आणि रजिस्टरात नोंद करायला बसले.