माननीय तीनशे रुपये यांस

मुक्काम मसाट, सिल्वासा

माननीय तीनशे रुपये, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना, दिल्ली दरबार, यांस मसाटच्या चाळीतून सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या घरी आपलं येणं कधी होणार ते कळावं. मुलगी नऊ वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी आहे. मी यार्नच्या कंपनीत बारा तासांची पाळी करतो. बायको पूर्वी प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंगला जायची, पोरीसाठी तिने ते सोडलं. म्हणजे घरातला एक पगार आपण येण्याआधीच गेला.

आपला जन्म २००९ चा. तेव्हा आपण दोनशे होता. १ ऑक्टोबर २०१२ पासून तीनशे झालात आणि तिथेच स्थिरावलात. दूध वाढलं, गॅस वाढला, खोलीचं भाडं वाढलं, आपण मात्र स्थितप्रज्ञ. संसदेच्या ग्रामविकास समितीने आपल्याला वाढवा म्हणून वारंवार सांगितलं, ते आपण शांतपणे ऐकून घेतलंत. राज्यं आपापल्या खिशातून भर घालतात म्हणून आपली अब्रू झाकली जाते.

आपल्या अटी मात्र मानी माणसाला शोभतील अशाच. वय अठरा हवं. म्हणजे पोरगी जन्मापासून अंथरुणावर असली तरी आपल्या लेखी ती अपंग होणार अठराव्या वाढदिवशी! तोवर ती नुसती लहान मूल, आणि लहान मूल सांभाळणं हे तर आईचं कामच. ठीक आहे, नऊच वर्षं उरलीत. रोज उचलून मोरीत नेताना तेवढी वर्षं बायकोची कंबर टिकली म्हणजे झालं.

दुसरी अट ऐंशी टक्के अपंगत्वाची. आमच्यासारख्या घरांत ओळख झाली की पहिला प्रश्न असतो, "किती टक्के?" दहावीचा निकाल विचारावा तसा. आमच्या मुलीला पंचाहत्तर पडले. दिव्यांगांच्या बहुतेक सवलतींना चाळीस पुरतात, ते कार्ड मिळालं. पण पाच टक्क्यांनी आपण हुकलात म्हणून शेजारच्या काकूंना फार वाईट वाटलं. पुढच्या तपासणीला थोडी आणखी बिघडली तर जमेल, असा धीर त्यांनी दिला.

तिसरी अट दारिद्र्यरेषेची. आमचं नाव असलेली यादी राहिली गावाकडे धुळ्याला आणि पोट आलं मसाटला. तिकडे महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना अडीच हजार झाले. पण त्यासाठी तिथे राहायला हवं, आणि तिथे काम असतं तर आम्ही इथे कशाला आलो असतो?

आता जरा हिशेबाचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या २४व्या कलमात लिहिलंय की, इतरांना मिळणाऱ्या तशाच मदतीपेक्षा दिव्यांगांची मदत किमान २५ टक्के जास्त हवी. आपल्याच घराण्यातल्या विधवा निवृत्तिवेतनालाही केंद्र तीनशेच देतं. मग आपण ३७५ असायला हवे होतात. ते पंचाहत्तर वापीला गाडी बदलताना मागे राहिले काय? त्याच कलमात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ताही आहे. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेतून असा सांभाळ करणाऱ्याला सहाशे देतात. फार नाहीत, पण घरात कुणीतरी राबतंय एवढं तरी त्यात कबूल केलेलं आहे. बाकी कलमात हे सगळं 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' करायचं आहे. आमच्या घरातही तोच नियम आहे, फक्त डायपर संपले की तो चालत नाही.

आपले एक श्रीमंत चुलतेही आहेत, आयकरातली सवलत. अपंग मूल सांभाळणाऱ्याला उत्पन्नातून पंचाहत्तर हजारांची वजावट, अपंगत्व ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर सव्वा लाखाची. तिथे वयाची अठराची अट नाही. आई-बापाला कर भरण्याइतकी कमाई हवी एवढंच, आणि त्यांनी जुनी करप्रणाली निवडलेली हवी. नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' विमा लाखापर्यंतचा आहे आणि तो मुलांनाही मिळतो, हे मोकळेपणाने मान्य करतो. पण त्यात आधी स्वतः खर्च करायचा, मग बिलं पाठवायची. आधी खर्च करायला पैसे असते तर आपल्याला पत्र लिहिलं नसतं.

तरी यावं. येताना ते पंचाहत्तर सोबत आणावेत. बायको घरीच असते, तिला दुसरीकडे कुठे जाता येत नाही. फक्त दुपारी तीन ते चार येऊ नये. तेव्हा ती पोरीचे पाय ताणून व्यायाम करून घेत असते. फिजिओकडे रोज न्यायला रिक्षाचे पैसे पुरत नाहीत, म्हणून शिकून घेतलंय तिने.

आपला,
एक बाप